चांगुणाबाईनं दोनदा दिलेली साक्ष

आमच्या खेड्यात समन्स घेऊन पोलीस आला की अर्धं गाव शेतात जातं आणि उरलेलं अर्धं आजारी पडतं. माझा चुलतभाऊ एकदा लांबून खाकी कपडा पाहून कडब्याच्या गंजीत शिरला, तो दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाही. मग कळलं की आला होता तो पोस्टमन, आणि आणली होती भाच्याच्या लग्नाची पत्रिका. भाऊ त्या लग्नाला गेला, पण पोस्टमनही पंगतीत होता म्हणून त्याच्याकडे पाठ करून जेवला.

अशा या गावात चांगुणाबाईचं समन्स आलं तेव्हा ती दारातच उभी होती. पोलिसाला म्हणाली, "बसा. च्या घेता का? तीन वर्षं झाली, वाटच पाहून राह्यली मी."

चांगुणाबाई माझी शेजारीण. जानेफळजवळच्या आमच्या गावात तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक बाभळीचं कुंपण आहे आणि त्याला येण्याजाण्यापुरतं भोक आहे. वय सत्तरीच्या आतबाहेर. नवरा लवकर गेला. दोन एकर कोरडवाहू आणि दुसऱ्यांच्या शेतातली निंदणी-सोंगणी, एवढ्यावर तिनं मुलगा शिकवला. तो प्रसेनजित बुलढाण्याला एका कचेरीत नोकरीला आहे. आईला तिकडे चल म्हणून म्हणून थकला. ती म्हणते, "तुह्या घराले गच्ची हाय बाबा, पण बांध नाई. बकरी कोठी चारू?"

तिचा स्वभाव सांगायचा तर एक मतदानाची गोष्ट सांगतो. शाळेत केंद्र होतं. तिथला एक कर्मचारी तिला म्हणाला, "मावशी, इथं जरा थांबा." आणि विसरला. मी दुपारी मत द्यायला गेलो तर ही सकाळपासून त्याच खांबाजवळ उभी. म्हटलं, "चांगुणाबाई, जा ना आत." तर म्हणे, "थांब म्हणलं हाय. जा कोणी म्हणलं नाई." सांगितलेलं तसंच्या तसं पाळायचं, अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. हा गुण की खोड, ते मला या वयापर्यंत ठरवता आलेलं नाही.

आता बकरीचं सांगतो.

तीन वर्षांमागे सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या दिवसांत तिची काबरी बकरी भर दुपारी बांधावरून गेली. मोटारसायकलवरून दोन पोरं आली, बकरी मध्ये धरली आणि पसार. चांगुणाबाई ओळ संपवून पाणी प्यायला आली तर खुंटा मोकळा. दावंही नाही. ते दावं तिनं स्वतः वळलेलं होतं, हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांचं, चार पदरी, शेवटाला पिवळ्या काठाची गाठ. जुनं लुगडं ती टाकत नाही. आधी त्याची गोधडी होते, गोधडी फाटली की दावं होतं, आणि दावं तुटलं की त्याचं पायपुसणं.

ती ठाण्यात गेली आणि फिर्याद दिली. आमच्याकडे बकरी गेली तर लोक चार शिव्या देऊन गप्प बसतात. ही गेली. आठ-दहा दिवसांनी बकरी सापडलीही, ती थेट दुसरबीडला, फकीर मोहम्मद नावाच्या बकऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या अंगणात. चोरणाऱ्या दोघांपैकी एक पोरगा पुढं दुसऱ्या चोरीत धरला गेला, त्यानं हीपण चोरी कबूल केली, शिक्षा भोगली. त्याचं नाव लिहीत नाही. आता त्याला लेकरू आहे आणि तो कामाला लागलाय म्हणतात. पण चोरीचा माल घेतला म्हणून फकीर मोहम्मदवर खटला उभा राहिला, आणि तो मेहकरच्या कोर्टात सुरू झाला. त्यानंतर नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले. आमची केस मात्र जुन्या आकड्यांचीच राहिली.

बकरी म्हणजे मुद्देमाल. कोर्टानं ती निकालापर्यंत चांगुणाबाईच्या ताब्यात दिली आणि तिचा अंगठा एका कागदावर घेतला. त्यावर लिहिलं होतं की सदर मुद्देमाल जसाच्या तसा सांभाळीन, विकणार नाही, मारणार नाही, न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन. बकरी घेऊन निघताना तिनं दारातल्या शिपायाला विचारलं, "साहेब, ही गाभण हाय. पिलं झाली तं?"

शिपाई मजेत होता. म्हणाला, "मावशी, मुद्देमालाची पिलं म्हणजे मुद्देमालच की!"

झालं. त्या गमतीच्या बोलण्यानं आमच्या कुंपणापलीकडे काय झालं ते तुम्हीच पाहा. पहिल्या वेताला दोन पिलं. पुढं आणखी. मग पिलांना पिलं. तीन वर्षांत चौदा नग झाले आणि चांगुणाबाईनं एक विकला नाही. ईदच्या आधी व्यापारी दारात येऊन बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत, आणि ही म्हणे, "हात नका लावू. सरकारी हाय."

प्रसेनजित सुट्टीला आला की डोकं धरून बसायचा. "माय, असा कायदा नसते! पिलं तुही हायेत."

"तू कॉलेजात शिकला," ती म्हणायची. "तो शिपाई कोर्टात उभा राह्यते."

आता फकीर मोहम्मदचं.

समन्स नसलं तरी चांगुणाबाई दर तारखेला मेहकरला जायची आणि मी तिच्यासोबत जायचो, कारण प्रसेनजितला रजा मिळत नसे आणि मला घरी बसवत नसे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एक लांब बाकडं आहे. त्याच्या एका टोकाला ही बसायची आणि दुसऱ्या टोकाला फकीर मोहम्मद. उंच, वाळका, पांढरी दाढी, खांद्यावर चौकडीचा रुमाल. सरकारी वकिलांनी हिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की साक्षीदारानं आरोपीशी बोलायचं नाही. म्हणून तीन वर्षं हिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आल्यावर "सलाम बाई" म्हणायचा. ही लिंबाकडे पाहून "हूं" करायची. एकदा त्यानं घरून भज्या आणल्या होत्या. त्यानं पुडी माझ्या हाती दिली, मी हिच्या पुढं धरली. तिनं विचारलं, "कोणाच्या?" मी म्हटलं, "मी घेतल्या." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुडी परत त्याच्या टोकाला नेऊन दिली.

मी मात्र साक्षीदार नव्हतो, आणि माझं तोंड तर मेल्यावरच बंद होईल असं आमच्या घरचे म्हणतात. त्यामुळे फकीरभाईची हकीकत मला कळली.

चाळीस वर्षं त्यानं दुसरबीडच्या बाजारात बकऱ्या घेतल्या-विकल्या. माणसं त्याच्या शब्दावर जनावर सोडून जात, बाजार आटपून येत. केस झाली आणि बोलणं फिरलं. तोंडावर कोणी काही म्हणेना, पण जवळ गेला की लोक बकरीचा कान झाकायचे, जणू हा खूण पाहून चोराला सांगेल. दोन-तीन बाजार त्यानं ते सोसलं, मग जाणंच सोडलं. घरी मुलगी समीना शिवणकाम करते, घर चालतं, उपास पडत नाही.

"जेल झाली तं होऊ द्या, गुलाबभाऊ," तो मला म्हणाला. "मी बुढा माणूस. पण मेल्यावर बाजारात म्हणतीन, फकीर म्हणजे तोच ना, चोराची बकरी घेणारा? ते नाव घेऊन मातीत कसं जाऊ?"

आणि त्याच्या नावावर डाग लावला होता त्या दाव्यानं.

आमच्याकडे, आणि तिकडेही, जनावर विकताना दावं देत नाहीत. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा आपलं बांधतो. दाव्याबरोबर घरची बरकत जाते असं म्हणतात. बकरी असो की बैल, रीत तीच. दाव्यासकट जनावर देतो तो एक तर वेडा, नाही तर चोर, कारण चोराला गाठ सोडायला वेळ नसतो. आणि फकीरभाईच्या अंगणात जप्ती झाली तेव्हा पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं होतं की बकरीच्या गळ्यात हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांचं चारपदरी दावं मिळून आलं.

पंच होता कचरू, तिथलाच दुसरा व्यापारी, फकीरभाईचा जन्माचा दोस्त. आधीच्या तारखेला त्याची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, दावं गळ्यात होतं का? तो म्हणाला, होतं. बाजारात विकणारा दावं देतो का? तो म्हणाला, नाही देत. चाळीस वर्षांचा व्यापारी दाव्यासकट बकरी पाहून काय समजेल? कचरू म्हणाला, "समजन तो." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. फकीरभाई मला म्हणाला, "त्याच्यावर राग नाई. खरं बोलला. पण आता दोघंही एकमेकाले पाहून रस्ता बदलतो."

"मंग तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"त्या रोजी बाजारात गर्दी होती. पोरगा घाईत होता. मी बकरी घेतली, घरी आलो, पाणी पाजायले गळ्यापाशी हात गेला तं हातात दावं! तवा डोक्यात आलं. मी ते दावं सोडलं, माहं नायलॉनचं निळं बांधलं. असं चारपदरी दावं मेहकरकडच्या बाया वळतात हे मले ठावं होतं. त्या भागात जाणाऱ्या जीपवाल्याजवळ देलं, म्हणलं, जानेफळच्या स्टँडवर चहावाल्याच्या खुंटीले लटकव आणि सांग, ज्याचं असन त्यानं दुसरबीडले फकीरकडे यावं. ठाण्यात काऊन नाई गेलो म्हणता? भेलो ना बाप्पा! चोरीची बकरी घेऊन ठाण्यात गेलेला माणूस परत येते का?"

"मंग जीपवाला?"

"सुरतले गेला, त्याले दोन वर्षं झाली. चहावाला म्हणते, मले आठवत नाई. कोर्टाचं नाव काढलं का कोणाले काही आठवत नाई." मग तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "पण मले येकच समजत नाई गुलाबभाऊ. दावं मी माह्या हातानं जीपवाल्याले देलं. पोलीस आले तवा मी अंदर पाणी आनाले गेलो. बाहेर येतो तं दावं बकरीच्या गळ्यात! आलं कोठून? वकील मले म्हणते, चाचा, हे सांगू नका, कोणी मानणार नाई."

मलाही ते पटलं नाही, खरं सांगतो. माणूस भला वाटत होता, पण दावं काही पायानं चालत येत नाही. घरी जाताना मी चांगुणाबाईला विचारलं, "काहो, ते दावं तुम्हाले कोठी दिसलं होतं?"

ती म्हणाली, "कोर्टात इचारतीन तवा सांगीन. आधी सांगतलं तं शिळं होते."

मी बसभर विनवणी केली. ती खिडकीतून तुरी पाहत बसली.

साक्षीचा दिवस उजाडला आणि मी कुंपणातून पलीकडे गेलो तर दारात टेम्पो. त्यात चौदा बकऱ्या. वरून पाल्याचा भारा.

"हे काय?"

"मुद्देमाल हजर कराचा हाय."

"चांगुणाबाई, समन्समध्ये बकऱ्यांचं काही लिहिलेलं नाही!"

"अंगठा कोणी देला? तुम्ही का मी?"

मेहकरच्या कोर्टाच्या आवारात चौदा बकऱ्या उतरल्या तेव्हा जे झालं ते मी नातवंडांना दर दिवाळीला सांगतो. एका बोकडानं कोण्या वकिलाच्या फायलीचा दोरा खाल्ला. एक पिलू थेट पायऱ्या चढून पहिल्या दारापर्यंत गेलं. नशीब, पुकारा झाल्याशिवाय आत गेलं नाही. पक्षकार, वकील, टाइपवाले, सगळे बाहेर. फकीरभाई बाकड्यावरून उठला, नियम विसरला आणि एका झटक्यात तीन बोकड कानाला धरून लिंबाला बांधले. चांगुणाबाई त्याच्याशी बोलली नाही, पण दोऱ्या मात्र तिनंच त्याच्या हाती एकेक करून दिल्या.

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या, वयानं माझ्या थोरल्या नातीएवढ्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"मावशी, हे काय आहे?"

"मुद्देमाल, साहेब. येक तुमी देला होता, बाकी त्याले लागले."

कोर्टात कोणी हसलं. जजसाहेबांनी वर पाहिलं, हसणं थांबलं, पण त्यांनी स्वतः ओढणीनं तोंड पुसायला बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "मावशी, पिलं मुद्देमाल नाहीत. ती तुमची आहेत. तुम्ही ती केव्हाही विकू शकत होता."

चांगुणाबाईनं मागं वळून मला म्हटलं, "गुलाबभाऊ, प्रसेनजितले सांगू नका." ते अर्थात मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

कारकून शपथ द्यायला आला. ती म्हणाली, "देवाची नको. खरं सांगते म्हणलं का झालं." त्यानं तशीच सत्यप्रतिज्ञा दिली.

सरकारी वकील तरुण होते, हुशार, शब्दांना धार. बकरी कधी गेली, कुठून गेली, सगळं नीट विचारलं. ती नीट सांगत गेली. मग सील केलेली पुडी फोडली आणि दावं बाहेर काढलं. हिरवं होतं ते आता शेवाळी झालं होतं.

"हे ओळखता?"

"माहं हाय. हा काठ माह्या लग्नानंतरच्या तिसऱ्या लुगड्याचा."

"जप्तीच्या वेळी हे दावं बकरीच्या गळ्यात होतं?"

"हाव, होतं."

वकीलसाहेबांनी मान हलवली, कागदावर खूण केली. मी मागच्या बाकावर होतो. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात फकीरभाईनं डोळे मिटले. गेला माणूस, असं मला वाटलं. वकीलसाहेब खाली बसणार, तोच चांगुणाबाई म्हणाली, "मीच बांधलं होतं ना."

वकीलसाहेब अर्धे बसलेले तसेच राहिले. "काय म्हणालात?"

"मी बांधलं. माही बकरी यायच्या निळ्या दोरीत बांधेल होती. मले पाहावलं नाई. माहं दावं माह्या पिशवीत होतं. पोलीससाहेब बाजेवर बसून कागदाच्या रेघा मारून राह्यले होते, हे आत पाणी आनाले गेले होते. मी निळी दोरी सोडली, माहं दावं बांधलं. मंग तो पंच आला, मंग साहेबानं लिहिलं."

बाहेर बकऱ्या पाला चावत होत्या, तो आवाज आत कोर्टात ऐकू येत होता.

"तुमचं दावं तुमच्या पिशवीत कसं आलं?" हे जजसाहेबांनी विचारलं.

"जानेफळच्या स्टँडवर, चहावाल्याच्या खुंटीले लटकेल होतं. मी म्हणलं हे माहं. त्यानं म्हणलं, दुसरबीडच्या फकीर बकरीवाल्यानं पाठोलं, ज्याचं असन त्यानं यावं म्हणे. मी दावं घेऊन ठाण्यात गेली. म्हणूनच तं आमी सिधे यायच्या घरी गेलो. नाई तं दुसरबीडात मले कोण वळखते?"

सरकारी वकील उभे राहिले. "साहेब, चहावाल्याचं बोलणं ऐकीव आहे."

"ऐकीव कसं?" चांगुणाबाई त्यांच्यावरच उखडली. "दावं माह्या हातात होतं. दावं काय ऐकाची चीज हाय?"

"पण पोलिसांना दिलेल्या जबाबात यातलं एक अक्षर नाही! तेव्हा का सांगितलं नाही?"

"त्यायनं इचारलं, बकरी कोणाची? मी म्हणलं, माही. आनखीन काही इचारलंच नाई. दाव्याचं तुमीच आज पयल्यांदा इचारलं, बाबू. तीन वर्षं बसली होती मी त्या लिंबाखाली."

"साहेब, साक्षीदार फितूर होत आहे असं—"

तो शब्द चांगुणाबाईला कळला. तिनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. "फितूर? या माणसासंगं मी तीन वर्षात येक शबूद बोलली नाई! भज्या आनल्या त्या खाल्ल्या नाईत! इचारा गुलाबभाऊले!"

जजसाहेबांनी हात वर केला. "थांबा, मावशी. तुम्ही खरं सांगायला आलात, तेच सांगता आहात. लिहून घ्या," त्या टाइपवाल्या मुलाला म्हणाल्या, आणि एकेक वाक्य त्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं. शेवटी वाचून दाखवलं. चांगुणाबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "निळी दोरी राह्यली." मग निळी दोरीही लिहिली गेली.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. फकीर मोहम्मद निर्दोष. जजसाहेबांनी निकालात लिहिलं की ज्याला चोरी लपवायची आहे तो चोरीच्या बकरीचं दावं मालकाच्या शोधात पाठवत नाही. फकीरभाईच्या वकिलानं पेढे वाटले, जणू त्यानंच हे काढलं.

आता इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. मी गावात चार दिवस सांगत हिंडलोही. आठवड्यानं चांगुणाबाईनं विचारलं, "तो मानूस बाजारात जाते का आता?"

मी फकीरभाईला फोन लावला. समीनानं उचलला. म्हणाली, "नाई चाचा. अब्बा घरीच असतात. म्हणतात, कागदावर सुटलो, बाजारानं थोडंच वाचलं ते?"

मी तसं सांगितलं. चांगुणाबाईनं विचारलं, "कोर्टात त्या रोजी किती लोक होते?"

"असतील पंधरा-वीस."

"त्यात दुसरबीडचा कोण होता?"

"कोणीच नाही."

"मंग ती साक्ष कोनाले देली मी?" ती उठली. "चाला. येक बोकड घ्या. रिकाम्या हातानं बाजारात गेलं तं लोक इचारतीन काऊन आल्या."

तर आम्ही बोकड घेऊन दुसरबीडला गेलो. आधी फकीरभाईच्या घरी. तो यायला तयार होईना. चांगुणाबाई त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी, "भाऊ, आता तुमी आरोपी नाई, मी साक्षीदार नाई. आता बोलता येते. उठा, बोकड इकाचा हाय, आनि मले बाजारातलं काही समजत नाई." समीनानं बापाच्या हातात रुमाल दिला. रुमाल घेतल्यावर बाप उठला.

बकऱ्यांच्या बाजारात आम्ही एका कडेला उभे राहिलो. सुरुवातीला काही जमेना. चांगुणाबाईनं एका माणसाला थांबवून सांगायला सुरुवात केली, तो म्हणाला, "बाई, बोकडाचं बोला." दुसऱ्यानं अर्धं ऐकलं आणि त्याला बायकोचा फोन आला. तेव्हा मी पुढं झालो. आयुष्यात माझा हा एकच उपयोग आहे की मी बोलायला लागलो की माणसं जमतात. मी मोठ्यानं म्हटलं, "साक्षीदार, हे दावं जप्तीच्या वेळी बकरीच्या गळ्यात होतं का?"

"हाव, होतं!" चांगुणाबाई ओरडली.

"ऐका हो! होतं म्हणते!" मी लोकांकडे वळलो. पाच-दहा जण थांबले. मी सरकारी वकील झालो, जजसाहेब झालो, मध्येच टाइपवाला पोरगाही झालो. ती फक्त स्वतः होती. "मीच बांधलं होतं ना" याला गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "हात्तिच्या!" जीपवाला, चहावाला, निळी दोरी, सगळं तिनं त्याच क्रमानं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कोणी तरी विचारलं, "मंग पोलिसाले काऊन नाई सांगतलं?" आणि तिनं तेच उत्तर दिलं, फक्त "बाबू" च्या ऐवजी "भाऊ" म्हणाली.

फकीरभाई हे सगळं होताना बोकडाचे कान कुरवाळत खाली पाहत उभा होता.

गर्दीच्या मागं कचरू होता. पहिल्यापासून होता म्हणे. त्याचं डोकं मला दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता. ऐकून झाल्यावर लोक पांगायला लागले, तसा तो वाट काढत पुढं आला. फकीरभाईकडे पाहिलं नाही. बोकडाभोवती एक फेरी मारली, दात पाहिले, पाठ दाबली.

"बोकड कोणाचा?"

"माहा," चांगुणाबाई म्हणाली. "पण बोलायचं याच्यासंगं."

आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघं व्यापारी हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. कचरूनं आपल्या खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, आणि हात पुढं केला. फकीरभाईचा हात जागचा हलेना. तेव्हा कचरूनं पंचा त्याच्याच हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

बोटं हलायला लागली. फकीरभाईची मान तिरकी झाली. "बे कचरू," तो म्हणाला, "हा बोकड हाय का कोंबडी?"

"दात पाह्य ना त्याचे, म्हाताऱ्या."

"तुह्ये पाह्य आधी."

पुन्हा बोटं. आसपास आठ-दहा लोक उभे, सगळ्यांचे डोळे त्या पंच्यावर, जसे नेहमी असतात. फकीरभाईनं एकदा हात झटकून काढला, "नाई जमत" म्हणून तोंड फिरवलं, चार पावलं गेला, आणि कचरूनं हाक मारल्यावर परत आला. ते चार पावलं जाणं आणि परत येणं मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण तो त्याचा खरा चालायचा ढंग होता हे कळत होतं. खांदा वर, दाढी पुढं.

"काय ठरलं?" चांगुणाबाईनं माझ्या कानात विचारलं.

"ते सांगत नसतात."

"बोकड माहा हाय ना पण?"

"तुमचा आहे. पण आता मध्ये बोलू नका. तीन वर्षांचं राहिलेलं काम चाललंय त्यांचं."

तिला ते पटलं. ती खाली बसली, पिशवीतून भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. आमचं जेवण झालं, पाणी पिऊन झालं, तरी पंच्याखाली दोघांचं भांडण सुरूच होतं.